खंडेनवमीचं कुंकू

पॅडवरचा डाग दिसला आणि प्रकल्पप्रमुख हिमांशूचं डोकंच फिरलं. कुंकू होतं. त्यात अक्षतांचा एक दाणा चिरडून घट्ट बसलेला.

विमानाच्या दाराचा ब्रॅकेट जिगच्या, म्हणजे लोखंडी साच्याच्या, या पॅडवर टेकवायचा, कसायचा आणि जिगमधून भोकं पाडायची, एवढंच इथलं काम. पण केसाएवढा फरकही चालत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, त्यानंतरच्या अकरा दिवसांत चव्वेचाळीस ब्रॅकेट निघाले आणि दाण्यापायी एकूण एक तिरका बसला. अठ्ठावीस गिऱ्हाइकाकडे पोचलेसुद्धा. आज तिकडून फोन आला, तेव्हा इथे शोधाशोध सुरू झाली. चारच्या आत कारण आणि जबाबदार माणसाचं नाव कळवायचं होतं. शेंद्र्याच्या त्या शेडमध्ये ज्याचं नाव फॉर्मवर गेलं, त्याचा गेटपास त्याच दिवशी जमा व्हायचा, नोकरी गेलीच.

"मंजुषाताई, ब्रॅकेट बसवण्याआधी रोज पॅड पुसायचा असतो. माहीत आहे ना?"

"व्हय साहेब."

"मग हे काय आहे?"

मशीनवरची मंजुषा बिडकीनहून यायची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी सासू, दोन पोरी आणि हा एकच पगार. तिने खाली पाहिलं.

"कुंकू हाय ते, साहेब. पूजेचं. कपाळाचं एकदा पुसलंय मी. परत हात नाय धजला."

हिमांशूला तिची कीव आली, नाही असं नाही. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि फॉर्मवर लिहिलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. खाली तिचं पूर्ण नाव.

फॉर्मला जोडायला त्याने तपासणीची वही मागवली. जिग ज्यांनी स्वतःच्या हाताने बनवला होता, ते कडुबा फोरमन वही घेऊन आले आणि तिथेच उभे राहिले.

हिमांशूने खंडेनवमीनंतरचं पहिलं पान काढलं. 'पॅड पुसला' या चौकटीत खूण नव्हती. शेऱ्यात मंजुषाच्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: पॅडवर कुंकू आहे. पुसायचं कोणी? साहेबांनी सांगावे. खाली हिमांशूची सही.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, तीच सही. तिसऱ्या दिवशी तेच. अकरा पानं. सह्या तो रोज चहा पिता पिता करायचा.

"तोंडी का नाही सांगितलं मला?" त्याने चढ्या आवाजात मंजुषाला विचारलं.

"लेखी द्या म्हणले होते तुम्ही. तोंडी सांगितलेलं इथं चालणार नाय म्हणले होते."

म्हणालाच होता. भर मीटिंगमध्ये, बोट नाचवून. दोन वर्षं रक्ताचं पाणी करून त्याने हा प्रकल्प उभा केला होता, म्हणून तर यंदा पूजेचा मान त्याला मिळाला. प्रत्येक पॅडला कुंकू लावणारं बोटही त्याचंच होतं.

त्याचा हात पानाच्या कोपऱ्यावर गेला.

"पानांवर नंबर हायेत, साहेब," कडुबा हळूच म्हणाले. "तुम्हीच टाकायला लावले होते."

हिमांशूने हात काढला. पानं फाडता येत नव्हती. वही मिटून त्याने कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. फॉर्मवर नुसतं 'नोंदी उपलब्ध नाहीत' असं लिहिलं. कडुबा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

मग हिमांशूने फडकं उचललं, त्यावर थोडं स्पिरिट ओतलं आणि पॅडवरून एकदाच जोरात फिरवलं. दाणा निघाला. लोखंड स्वच्छ चमकायला लागलं.

मंजुषाने गळ्यातला गेटपास काढून टेबलावर ठेवला. डब्याची पिशवी घेतली. निघताना ती जिगपाशी थांबली आणि त्या पॅडवरून तिने बोट फिरवून पाहिलं.

"इतकं सोपं असतं व्हय, साहेब?"