गुळाचा खडा

कॉलेजचा एक जिना चढायला गिरधरला तीनदा थांबावं लागलं. इस्पितळातलं काम उरकलं होतं आणि गावी, खापरला जाणाऱ्या गाडीला अवकाश होता, म्हणून तो लेकीच्या प्रयोगशाळेत येऊन टेकला. गायत्रीने त्याच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि खटका दाबला. वाटीतल्या पाण्यात सेरियम नावाच्या धातूची चकती बुडवलेली होती. तिच्यावर लेसरचे टोले टकटक पडू लागले.

"तूही भुगाच पाडतेस की," गिरधर म्हणाला. गुजरातेत गारगोटीचे दगड दळणाऱ्या चक्कीवर त्याने तीन हंगाम काढले होते.

"हे नॅनोकण, बा. तुझ्या चक्कीच्या पिठाहून हजारपट बारीक."

"मग पाण्यात कशाला बुडवलंस?"

"पाण्यात उडत नाही ना. उडालं, छातीत गेलं, की मग निघत नाही," असं गायत्री बोलून गेली आणि घाईघाईने वाटीवर वाकली.

चक्कीवर शेजारचा माणूस दिसायचा नाही, एवढी धूळ असायची. संध्याकाळी मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. म्हणायचा, खा, धूळ उतरते. गावचे अकरा जण होते, अकराही जण इमानाने खायचे. आता गिरधर एकटाच उरला होता.

खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्याने विचारलं, "पोरी, किती पाणी लागतं याला?"

गायत्रीने मान वर केली नाही.

"वाटीभर."