नंबराभोवतीची जागा

पहिल्या वाघिणीकडे बघूनच नेव्हिल क्रॅबट्रीला किळस आली. बोटभर लांबीची, कोळसा वाहणाऱ्या मालगाडीची वाघीण. खऱ्या वाघिणीची हुबेहूब नक्कल. पण तिच्यावर कुणीतरी रंगाचा गंज असा थापला होता की जणू अंगभर गोवर उठलेला. वरून काजळीची भुकटी. त्या भुकटीखाली नंबर गडप.

मॉडेल रेल्वे क्लबच्या या वाघिणी खऱ्यासारख्या मळवायच्या स्पर्धेत नावं नसत. वशिला नको म्हणून गुण नंबरावर द्यायचे, हा नियम परीक्षक नेव्हिलनेच केलेला. डाव्या हातात कागद अडकवलेली पाटी, उजव्या हातात पेन. त्याने डावं मनगट नंबराच्या जागेवरून एकदा फिरवलं, नंबर वाचला, कागदावर उतरवला. दहापैकी तीन.

“अरे, लोकांनी महिनाभर खपून लावलेलं पुसतोस काय?” क्लबचा चिटणीस कीथ बूथरॉइड तोंडात बेकन-पावाचा घास ठेवूनच ओरडला.

“पुसलं जातं तर लावलंच कशाला? आणि तो पाव लांब धर. चरबी टपकतेय.”

नेव्हिल चाळीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासत होता. निवृत्त झाला तरी नाक निवृत्त झालं नव्हतं. खरी घाण आणि खोटी घाण त्याला अंधारातही ओळखता येते, असं तो म्हणे. खोटीची किळस जास्त. दुसऱ्या वाघिणीवर चॉकलेट ओतल्यासारखा गंज. तिसरीची चाकं चकचकीत आणि वरून उघडं पोट आतून सरड्यासारखं हिरवं. प्रत्येकीपुढे तो नाक मुरडायचा, मनगट फिरवायचा, नंबर उतरवायचा. दोन. चार. अडीच.

पहिली येणारी वाघीण क्लबच्या मोठ्या मांडणीवर कायमची जायची. मांडणी म्हणजे या हॅडलथॉर्प गावचंच मालयार्ड, छोट्या आकारातलं, एकोणीसशे सत्तावन्न सालचं. रूळ, सिग्नल, कोळशाचे ढीग, पाण्याची टाकी, सगळं होतं. माणूस मात्र एकही नव्हता. प्लास्टिकची माणसं बघितली की नेव्हिलला शिसारी यायची. त्याने ती वीस वर्षांपूर्वीच चिमट्याने उपटून टाकली होती.

अकरावी वाघीण आली आणि तो थबकला. हिचा गंज खरा होता. पत्रे जिथे जोडले तिथूनच फुटलेला, पावसाने खाली ओघळलेला. दाराच्या खालची कड फावड्यांनी खाल्लेली. नऊ द्यायला हात उचलला, तेवढ्यात नंबर दिसला. लांबूनच दिसला. सगळी वाघीण काळी, आणि नंबराभोवती नखाएवढी जागा लख्ख.

“शी! एवढं करून इथे घाण केली.” त्याने शून्य लिहिलं.

“शून्य का हो?”

खुर्च्यांच्या रांगेतून एक म्हातारी उठून आली होती. मॉरीन टॉर्डॉफ. दर वर्षी चहाच्या टेबलापाशी दिसणारी. वाघीण पहिल्यांदाच आणलेली.

“बाई, मध्येच रंग लावायचा राहिलाय तुमचा.”

“राहिला नाही. लावला आणि मग पुसला. पुसायलाच चार दिवस लागले.” ती वाघिणीला हात न लावता बोलत होती. “आमचे वडील यार्डात नंबर उतरवायला होते. गाडी आली की एकेक वाघीण गाठायची, नंबर वहीत घ्यायचा. काजळीखाली नंबर दिसतोय होय? बाहीने पुसायचे. दिवसाला तीनशे. आई कोट दाराबाहेर काढायला लावायची. म्हणायची, माणसाशी लग्न केलं की धुराड्याच्या फडक्याशी?”

कीथ खो-खो हसला. नेव्हिल हसला नाही.

“फोटो आहे?”

“त्यांचा फोटो कोण काढणार?”

“मग पुरावा नाही. घाण वरून येते, खाली जाते. मध्येच अशी धुतल्यासारखी जागा सोडत नाही. आणि शहाणा माणूस अंगातल्या कपड्याने पुसेल? फडकं नसतं? किळसवाणी कल्पना आहे, बाई.”

“एका हातात वही, एका हातात पेन्सिल. फडकं कुठल्या हातात धरतील?”

“ते मला ठाऊक नाही. पण असली गोष्ट मांडणीवर जाणार नाही.”

मॉरीनचा चेहरा उतरला. “माणसं तुम्ही ठेवू देत नाही,” ती म्हणाली, “म्हणून म्हटलं, त्यांनी पुसलेली जागा तरी तिथे असावी.”

नेव्हिल काहीतरी झणझणीत बोलणार होता. पण ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या मनगटाकडे बघत होती. कीथनेही चावणं थांबवून तिकडेच बघितलं.

नेव्हिलने खाली बघितलं. सकाळी इस्त्री करून घातलेली पांढरी बाही मनगटापासून वीतभर काळीतांबडी झाली होती. रुमाल काढायला हात मोकळा हवा, म्हणून त्याने पाटी टेबलावर ठेवली, आणि रुमाल खिशातच राहिला.

टेबलावर अकरा वाघिणी ओळीने उभ्या होत्या. अकराही मळलेल्या, आणि अकराही नंबरांभोवती नखाएवढी लख्ख जागा.

त्यातली एकच त्याने पुसलेली नव्हती.