मंगळवारचा दिवा

दिवा अजून जळत होता.

आनंदरावांनी वाकून पाहिलं. मातामायच्या शेंदरी दगडापुढे कणकेचा दिवा, त्यात तूप, शेजारी चिमूटभर हळदकुंकू. दिवस बुडायला आला होता. कापसाच्या वेचणीहून परतणाऱ्या बाया वाटेने जाताना मान वळवून वळवून पाहत होत्या. आनंदरावांनी पायानेच दिवा विझवला.

"याही मंगळवारी लावलाच," सोबतचा तानबा म्हणाला.

गेल्या वर्षी अख्खी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. घरोघरचे देव टोपल्यांत भरून नदीत सोडले होते. आता दर रविवारी निंबाखाली वंदना होई, आणि वस्तीचे प्रमुख होते आनंदराव. जो कोणी जुन्या देवापुढे दिवा लावील त्याच्याशी रोटीबेटी बंद, हा ठराव त्यांनीच मांडला होता. आणि आता त्यांच्याच नाकासमोर दिवा जळत होता. माणसाला जेवण गोड लागेना.

संशय घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. मातामायची पूजा पिढ्यान्‌पिढ्या या वस्तीकडेच. गावातली वरची मंडळी नारळ द्यायची तीही लांबून. दगडाला हात लावायचा तो वस्तीतल्या पुजाऱ्यानेच. शेवटचा पुजारी धुरपताबाईचा नवरा. तो मेला, पण म्हातारी होती. शिवाय ती भैयाजी पाटलांच्या घरी दळणकांडण करायची. वस्तीत ज्वारीशिवाय दुसरं पीठ दिसत नव्हतं. मग गव्हाची कणीक आणि तूप आणणार तरी कोण? आनंदरावांच्या मनाने निकाल देऊन टाकला.

धुरपताबाईच्या नातीचं, पंचफुलेचं, लग्न वडनेरला ठरलं होतं. पोरीला ना आई ना बाप. सोयरे मोठे कडक. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं होतं, घरात जुने देव तर नाहीत ना?

आनंदराव तडक म्हातारीच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

"मावशी, तूच लावतं ना दिवा?"

म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती. "नाई."

"मंग पंचफुला?"

"पोरीचं नाव घेऊ नको, बापू."

"मंग कोन?"

तिने सूप बाजूला सारलं. "मले मालूम हाय. पन सांगतलं त तू इश्वास नाई ठेवशीन. आन्‌ ठेवला त मले या गावात कोन राहू देईन?"

"मावशी, पोरीची सोयरीक मोडन."

म्हातारीचे हात थांबले. डोळे भरून आले. तरी ती बोलली नाही. मनात पाप नसतं तर बोलली असती, असं आनंदरावांना वाटलं.

परतताना भैयाजी पाटील ओसरीवर पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी हाक मारली.

"काय आनंदा, अजून दिवा लागते म्हंतेत तुमच्या मायले?"

"लागनार नाई आता, पाटील."

"पाहून घेजो बाबा. देव सोडनं सोपं नाई."

पाटील हसले. हसता हसता त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा वळून पाहिलं. आतून कुणीतरी लहान मूल कण्हत होतं. आनंदरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या हसण्याने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी गत झाली. पुढच्या मंगळवारी सकाळीच त्यांनी तानबाला वडनेरच्या वाटेला लावलं. "सांगजो त्याह्यले, धुरपताच्या घरात अजून जुनं चालू हाय. सोयरीक करू नका."

"पुरावा नाई ना जी अजून," तानबा चाचरत म्हणाला.

"तू वडनेरले पोचेपर्यंत भेटते पुरावा."

दुपारी सगळं गाव वेचणीला गेलेलं. आनंदराव मातामायशेजारच्या उभ्या तुरीत दबा धरून बसले. ऊन चढलं. तुरीच्या फांद्या मानेला टोचत होत्या. माणूस घामाघूम झाला, पण हलला नाही.

मग नाल्याच्या अंगाने कुणीतरी आलं. डोक्यावरून घोंगडी, कमरेत वाकलेलं, हातात झाकलेली थाळी. चाल भेदरलेली. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, लोट्यातल्या पाण्याने दगड धुतला, पदराने पुसावा तसा घोंगडीच्या टोकाने पुसला. दिवा काही केल्या पेटेना. काडी विझे, पुन्हा ओढली जाई. घोंगडीखालून हुंदका आला.

आनंदरावांना क्षणभर वाईट वाटलं. म्हातारीच ती. पण ठराव म्हणजे ठराव. ते तुरीतून झेपावले आणि त्यांनी घोंगडी ओढली.

"सापडली ना शेवटी!"

घोंगडीखाली भैयाजी पाटील होते.

कपाळाला शेंदूर लागलेला, ओंजळीत कणकेचा दिवा. पाटील उठले नाहीत. तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "नातू तापानं फणफणून राह्यला. डाक्टरनं हात टेकले. तुमी लोकायनं सोडलं तिले, आता तिचं कराले कोनी नाई. तुमचं काम मी केलं हे गावाले समजलं त माह्या पंगतीले कोनी बसनार नाई."

आनंदरावांनी वडनेरच्या वाटेकडे पाहिलं. तानबा एव्हाना वडनेरला पोचला असेल.

पाटलांनी एका हाताने त्यांचे पाय धरले आणि दुसऱ्या हाताने दिवा पुढे केला. "आनंदराव, तुमच्या वस्तीले मालूम अशीन. मले कोनी शिकवलं नाई. वात कोनीकडं तोंड करून ठेवतेत, तेवढं सांगून दे ना, बापा."