औषध कुणाला लागलं

भाताचं खाचर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं पडलं होतं. मधेच कुठे एखादा हिरवा ठोंब, तेवढाच.

पायाला प्लास्टर घातलेला बाप बांधावर खुर्चीत बसला होता. लेक शेजारी उभी होती. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं होतं.

"काय मारलंस यावर?" बापाने विचारलं.

"तणनाशक. तुम्ही दवाखान्यात, निंदायला माणूस मिळेना. दुकानदारकाका म्हणाले, हे फक्त गवत मारतं, भाताला काही होत नाही."

"होत नाही? मग याला काय कावीळ झाली?"

बापाचा राग खोटा नव्हता. जन्मभर त्याने या खाचरात औषधाचा थेंब शिरू दिला नव्हता. भातात उगवणारं गवत मोठं लबाड, हुबेहूब भातासारखं दिसतं. पण बापाची निंदणी म्हणजे निंदणी! यंदाही रोज सकाळी एकटाच वाकायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. चष्म्याचं नाव काढलं की खेकसायचा, "माझी बोटं काय झोपलीत?" उपटलेल्या पेंढ्या बांधावर नीट रचायचा. मग एक दिवस त्याच बांधावरून पाय चुकला आणि पडला. ज्या बांधावर हयात गेली त्यानेच दगा दिला, कुणाला सांगायचं?

लेक शहरातली नोकरी सोडून आली होती ती या शेतासाठीच. "एक पीक नीट काढून दाखव, शेत तुझं," असं बाप म्हणाला होता. पुतण्या शेत कसायला मागतच होता, त्याला त्याने थांबवून ठेवलं होतं.

तेवढ्यात दुकानदार आला. गावभर आपलं नाव खराब होतंय म्हटल्यावर तो गप्प कसा बसेल?

"दादा, माझ्या औषधाने भात मरत नाही. मी शपथेवर..."

"काकांचं बरोबर आहे," लेक मधेच म्हणाली. "चूक माझी. मी भलतीच बाटली पंपात ओतली."

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला.

 बापाचे डोळे भरून आले.

"लेकरासारखं वाढवलं होतं गं मी. पुतण्याला सांगतो शेत घ्यायला. तू आपली परत जा. तुझ्या हाताला माती लागणं नशिबात नाही."

"बरं," लेक म्हणाली. तिने त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

दुकानदाराला सोडायला ती रस्त्यापर्यंत गेली. तिथे मात्र तिला रडू आवरेना.

"अगं वेडे, भलती बाटली कुठून आणलीस?" तो म्हणाला. "मी तुला एकच दिली होती. आणि घरात दुसरं औषध तुझ्या बापाने कधी ठेवलंय का? शेत गेलं ना हातचं! कशाला ओढवून घेतलंस?"

लेकीने मागे वळून पाहिलं. बाप अजून खाचराकडे तोंड करून बसला होता.

"हळू बोला काका," ती म्हणाली. "मेलंय ते सगळं गवतच आहे. भात बाबांनी आधीच गवत समजून उपटून टाकलं होतं."