रिकामा बसला की बंद

नवऱ्याने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि तेव्हापासून तो स्वतःला इंजिनियरांचा बाप समजू लागला. पण महाशय समोर बसलेले असले की कॉम्प्युटर सुरळीत चालायचा आणि ते जेवायला उठले, की पाच मिनिटांत बंद! रॅम बदलून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला, शेवटी खापर बायकोच्या मिक्सरवर फुटलं.

“अरे, एकदा टेबलाखाली वाकून तर बघ,” ती म्हणाली.

“तुला यातलं काय कळतं? आणि आधी हिला उचल इथून,” रांगणाऱ्या लेकीकडे न बघताच तो म्हणाला. “हा नीट होईपर्यंत पोरगी सांभाळायला मला जमणार नाही. तुझ्या नोकरीचं नंतर बघू.”

मुलाखतीच्या दिवशी तिने लेकीला सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि चपला घातल्या. चार तासांनी परतली, तर स्वारी हवेत.

“एकदाही बंद पडला नाही! हिच्यामुळे माउसला हातसुद्धा लावला नाही, तरी चालू. एक सेटिंग बदललं, बास. अक्कल लागते त्याला!”

तिने लेकीला उचलून जमिनीवर ठेवलं. लेक तुरुतुरु रांगत टेबलाखाली गेली आणि कॉम्प्युटरचं चमकणारं निळं बटण दोन्ही हातांनी दाबून बसली. स्क्रीन काळाठिक्कर.

 

“सोमवारपासून मी कामावर. हा चालू राहायला हवा असेल, तर हिला मांडीवरून खाली ठेवू नकोस.”