जपलेली दाढ

“आ कर, आई. अजून मोठा.”

आईनं आ केला. दातांचा डॉक्टर असलेला तिचा मुलगा आरसा घेऊन वाकला आणि वाकलेलाच राहिला. उजवीकडच्या दाढेवरची कॅप लख्ख चमकत होती. त्यानंच बसवलेली, शिकून आल्यावरची पहिली. कोवळ्या डॉक्टरच्या हाती तोंड द्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, म्हणून आईच मोठ्या हौसेनं खुर्चीत बसली होती. इतक्या वर्षांत कॅपवर ओरखडासुद्धा उमटला नव्हता. कॅपच्या कडेला, हिरडीलगत, मात्र काळी रेघ होती. त्यानं तिथं टोकदार सळई हळूच टेकवली, तर ती पिकल्या केळ्यात शिरावी तशी आत गेली.

“दुखत नव्हतं का गं?”

“छे! जरा सूज दिसली म्हणून सूनबाईंनी बळेच पाठवलं. नाहीतर तुझा वेळ कशाला खाल्ला असता?”

दुखणार कुठून? त्या दाढेची नस त्यानंच काढली होती. आतली दाढ बिचारी मुकाट्यानं किडत गेली होती.

“इथं ब्रश नीट फिरवत नाहीस वाटतं.”

“फिरवतच नाही,” आई म्हणाली. “कॅप निघाली असती म्हणजे? तूच म्हणाला होतास, ‘आई, ही माझी पहिली कॅप आहे, जप हं.’ त्या दिवसापासून त्या बाजूनं एक घास घेतला नाही की ब्रश लावला नाही. चूळसुद्धा डाव्या गालानंच भरते.” आणि गृहपाठ पुरा करून आलेल्या मुलीसारखी ती त्याच्याकडे बघत राहिली.

म्हणाला होता खरा. हातमोजे काढता काढता, हसत हसत. पुढं आलेल्या प्रत्येकाला मात्र तो बजावून सांगायचा, की कॅपला कीड लागत नाही, पण आतला दात तुमचाच आहे. कडेनं रोज ब्रश फिरवा, सहा महिन्यांनी दाखवून जा. दवाखान्यातली बाई न चुकता सगळ्यांना फोन करायची. आईला कधी कुणी फोन केला नाही. घरच्या माणसाला कसला फोन करायचा?

रोज रात्री ती त्याच्या समोरच तर जेवायला बसायची. डाव्या बाजूनं सावकाश चावत. एकदा त्यानंच तिची थट्टा केली होती, “काय आई, शेळीसारखी एकाच बाजूनं रवंथ करतेस!” सगळे हसले होते. गालावर हात ठेवून तीही हसली होती. आता त्या हसण्याची त्याला शरम वाटली.

त्यानं एक्स-रे काढला. पडद्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

“वाचेल ना रे?” आईनं विचारलं.

“नाही आई. काढावी लागेल.”

आईचा चेहरा उतरला. दाढ गेल्याचं तिला फारसं काही नव्हतं. त्याचं काम तिच्या हातून बिघडलं, हे तिला लागलं होतं.

“माझंच चुकलं असेल काहीतरी. झोपेत वगैरे चावलं असेल त्या बाजूनं.”

“तुझं काही चुकलं नाही गं. मीच तुला नीट सांगितलं नाही.”

“उगाच काहीतरी! सांगितलंस की,” आई म्हणाली. “आणि मी ऐकलंसुद्धा.”

तो इंजेक्शन भरू लागला. सुई टोचताना ती हललीही नाही. उलट त्याच्याच मनगटावर थोपटलं तिनं. कॅप चिमट्यानं नुसती धरली तर हातात आली. खालची दाढ मात्र तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली. आजवर त्यानं शेकडो दाढा काढल्या असतील; इतका घाम त्याला कधी फुटला नव्हता.

त्यानं जखमेवर कापूस ठेवला. “घट्ट दाब. आणि अर्धा तास बोलू नकोस.”

आईनं मान डोलावली आणि हात पुढं केला. त्याला कळेना. तिनं ट्रेकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यानं कॅप धुऊन तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती रुमालानं पुसली, खिडकीकडे धरून सगळ्या बाजूंनी निरखली आणि त्याच्या हातात परत दिली. तिला राहवलं नाहीच. कापूस दाबून धरलेल्या, बधिर तोंडानं ती म्हणाली,

“बघ, कशी नवीच्या नवी ठेवलीय. टाकू नकोस हं. कुणाला तरी बसेल.”