कागदावर नसलेली खिडकी

“ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा,” नवी साहेबीण म्हणाली. शिवणखात्यातले एकूणएक हात मांडीला चिकटून बसले.

दाराजवळच्या टेबलावर तिने नकाशा अंथरला होता. कापड बेतणाऱ्या मास्तरांचं टेबल खिडकीपासून उचलून दाराशी, पहिल्या मशिनीला लागून आणायचं, म्हणजे कापलेल्या मालाला अख्ख्या खोलीची प्रदक्षिणा नको. साधी गोष्ट. इस्त्रीवाल्या मावशीला ती ऐकताक्षणी पटली होती. हात तिनेही वर केला नाही.

“असं आहे मॅडम,” मास्तर खिडकीपाशी बसूनच बोलले, “दाराशी धूळ येते. दाराशी ये-जा असते. मागे एकदा दाराशी टेबल ठेवून बघितलंय. सगळे गळे वाकडे गेले.”

“कधी ठेवलं होतं?”

“तुमचा जन्म व्हायचा होता.”

बायका हसल्या. न हसून करतात काय! मऊ सुती कापड कुणाच्या मशिनीवर आणि बोटं सोलणारं जाडंभरडं कुणाच्या, हे मास्तर ठरवत. साहेबिणीला मालकांनी खुर्ची दिली होती, पण कात्री मास्तरांच्या हातात होती.

“झालं मतदान,” बटणं लावणारी पुटपुटली. “आता निदान चहा तरी पाजा म्हणावं.”

मशिनी पुन्हा खडखडायला लागल्या. साहेबीण नकाशा गुंडाळून इस्त्रीच्या टेबलापाशी आली. डोळे भरून आलेले, पण मान ताठ. मावशीला ती मान आवडायची.

“मावशी, मालकांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. हे जमलं नाही तर मी घरी. मास्तरांचं माझ्याशी एवढं वाकडं का आहे, तुम्ही तरी सांगा.”

“तुझ्याशी कशाला वाकडं असेल? तू कोण अशी लागून गेलीस?” मावशीने कॉलरवर इस्त्री दाबली.

सांगण्यासारखं तिच्यापाशी होतं. गेली तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत ती मास्तरांच्या सुया ओवून ठेवत होती. ‘मावशीचं मास्तरांवर भारी लक्ष,’ म्हणून बायका एकमेकींना कोपरं मारायच्या. मारू द्यायची. खरं सांगितलं तर मास्तर घरी, नाही सांगितलं तर ही पोर घरी. कुणीकडून तरी एक चूल विझणारच होती.

“सांगा ना, मावशी.”

“तुझ्या कागदावर दार आहे. मशिनी आहेत. माझी इस्त्रीसुद्धा काढलीस, बरं वाटलं.” मावशीने शर्ट उलटा केला. “खिडकी कुठंय?”

साहेबिणीने नकाशा उलगडून पाहिला. “राहिली वाटतं काढायची. पण खिडकी कुठे हलवायचीय?”

“अस्सं! जे हलवायचं नाही ते तुमच्या कागदावर येतच नाही होय?”

साहेबिणीने वर पाहिलं.

खिडकीत मास्तर कच्चा टाका घालायला बसले होते. ओवलेल्या सुया संपल्या असाव्यात. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाला धरली. दोरा सुईच्या शेजारून निघून गेला. पुन्हा धरली. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सुई गुपचूप सुयांच्या उशीत खोचून टाकली.

पोरीला कळलं. तिला कळलं हे मावशीला कळलं. आता मालकांच्या कानात एक शब्द घातला की पुरे. ज्याला दिसत नाही तो बेततो कसा? शनिवारपर्यंतही थांबायला नको. काय करून बसलीस बये, मावशी स्वतःला म्हणाली, म्हाताऱ्याची मान उचलून परक्या पोरीच्या हातात दिलीस.

साहेबीण सरळ दाराजवळच्या टेबलाशी गेली. नकाशा पसरला. टाळी वाजवली.

“मशिनी थांबवा जरा. मास्तर, एक मिनिट इकडे या.”

मास्तर आले. एकेका मशिनीला हात लावत आले. दाराशी नुसत्या ट्यूबलाइटचा फिकट उजेड होता.

“माझं चुकलं,” साहेबीण सगळ्यांसमोर म्हणाली. “मी खिडकी काढलीच नव्हती. मास्तरांचं टेबल आहे तिथेच राहील. आपण मशिनींची रांग फिरवू. पहिली मशीन खिडकीशी, शेवटची दाराशी. माल आपोआप इकडे येईल. बेतायला उजेड लागतो, एवढं मला कळायला हवं होतं.”

मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हिला किती ठाऊक आहे, याचं माप घेत असावेत. मावशीने एकच कॉलर चौथ्यांदा दाबली. करपल्याचा वास सुटला.

“उजेड लागतोच,” मास्तर शेवटी म्हणाले. “कुणालाही लागतो.”

“कुणालाही,” साहेबीण म्हणाली. “तेवढी खिडकी तुम्हीच काढा, मास्तर. तुमच्या हातची असू दे.”

बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. पण मास्तरांनी खिशातून खडू काढलाही होता. ते वाकले. सगळ्या जणी माना उंचावून बघत होत्या. हात कसलेला, रेघ सुतासारखी सरळ. फक्त ती कागदाची कड सोडून टेबलाकडे निघाली होती.

“दुपारी ऊन केवढं येतं हो तुमच्या खिडकीत?” साहेबिणीने विचारलं, आणि विचारता विचारता कागद हळूच खडूखाली सरकवला.